चुलीमागची वीट

द्वारकाताई मोघ्यांच्या अंगातली ऊब हीटरमध्ये गेली, ही गोष्ट पाचगणीच्या त्या आळीत सगळ्यांना ठाऊक होती. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नसे. बाईमाणसाची ऊब कुठे ना कुठे जायचीच, असं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मत होतं. तक्रार वेगळीच होती. हीटर आता पूर्वीसारखा तापत नाही, दुपारचा चहा होईस्तोवर निवून जातो, अशी द्वारकाताईंच्या भावाची, भार्गवरावांची तक्रार होती. ती ऐकवायला त्यांनी ऐन भाऊबीजेच्या दिवशी लहू ढेब्याला बोलावणं धाडलं.

लहू विजेची कामं करी. पंखा म्हणा, इस्त्री म्हणा, पाण्याचा पंप म्हणा, कशालाही नाही म्हणत नसे. पण तापणाऱ्या वस्तूंवर त्याचा हात विशेष बसलेला होता. ज्या कासमभाईंकडे तो शिकला, त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं होतं, "वस्तूला आधी उलटा हात लाव. सुलटा हात करंटाला मिठी मारतो." हाताच्या पालथ्या बाजूने चाचपलं तर झटका बसताच हात मागे येतो. तळव्याने चाचपलं तर मूठ आवळते आणि ती सोडवायला दुसरा माणूस लागतो. लहूने हा धडा असा काही गिरवला की देवळातली घंटासुद्धा तो आधी उलट्या हाताने तपासून मग वाजवी. लोक हसत. हसणाऱ्यांचे दात दिसतात, म्हणून लहू काही सवय सोडणारा नव्हता.

घरी त्याची थोरली बहीण रखमा होती. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि लहूचं लग्न राहूनच गेल्यामुळे घर तिचंच झालं. एकदा इस्त्रीने तिला धरलं होतं. तेव्हापासून लहूने तिलाही उलटा हात शिकवला होता. आता ती रेडिओला उलटा हात लावी, पाण्याच्या बंबाला उलटा हात लावी, लहूचा ताप बघायला त्याच्या कपाळावर हात ठेवी तोही उलटाच.

भाऊबीजेच्या सकाळी तिने त्याच्या डोक्याला तेल लावायला घेतलं. तळव्यावर ओतलेलं खोबरेल तळव्यावरच थिजून पांढरंफेक झालं. तिने थिजलेला तळवा त्याच्यापुढे धरला.

"गार वाजतंय रं लहू," ती म्हणाली. "चुलीपुढं बसूनबी गार वाजतंय. मागल्या थंडीपास्नं ह्ये असंच."

"थंडी हाय, आक्का."

"थंडी समद्यास्नी हाय."

जेवायला येतो, मग ओवाळ, एवढं बोलून त्याने हत्यारांची पिशवी उचलली.

"पाट मांडून ठिवते," रखमा म्हणाली. "ववाळल्याबिगर मी खानार न्हाई. ध्यानात ठिव."

मोघ्यांचा बंगला पूर्वी कुणा साहेबाचा होता. साहेब गेला आणि हीटर मागे राहिला. लोखंडी पेटी, कमरेएवढी उंच, आत विटा रचलेल्या. रात्री वीज घेऊन विटा तापवायच्या आणि ती ऊब दिवसभर जपून जपून सोडायची, एवढंच त्याचं काम. लहू गेल्या थंडीतही इथे येऊन गेला होता. तेव्हा आतली एक वीट फुटली होती. तसली वीट बाजारात कुठली मिळायला? लहूने आपल्या घरच्या चुलीमागची एक वीट काढून आणली आणि बसवून दिली. वर्षानुवर्षं आगीत भाजलेली वीट, तिला तोड नाही. चुलीला पडलेलं भोक त्याने मातीने लिंपून टाकलं. रखमाला सांगायचं मात्र राहून गेलं. विटेसारखी वीट, तिचं काय सांगायचं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

भार्गवराव हीटरच्या कडेला पाठ टेकून खुर्चीत बसले होते. अंगात मलमलीचा सदरा, खिडकी सताड उघडी. लहूच्या अंगात स्वेटर आणि कानाला मफलर होता.

"आलास? बैस. आधी चहा घे," ते म्हणाले. माणूस तसा अगत्याचा होता.

द्वारकाताई चहा घेऊन आल्या. नाकीडोळी नीटस, पांढऱ्या केसांच्या, हळू चालणाऱ्या बाई. त्यांनी कप पुढे केला तेव्हा चहावर बर्फाची पापडी धरली होती.

"मी बशी धरली की असं होतं," त्या म्हणाल्या. "यंदा बेसनाचे लाडूसुद्धा वळता आले नाहीत. तूप हातातच थिजतं. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी थर्मामीटर लावला तर पारा खाली उतरला. म्हणाले, विजेच्या माणसाला दाखवा."

"ते नंतर," भार्गवराव म्हणाले. त्यांनी आपला कप हीटरवर ठेवला. पापडी वितळली, पण वाफ काही आली नाही. "बघ. पूर्वी उकळायचा."

लहू कामाला लागला. त्याने हीटरला उलटा हात लावला. बाहेरून कोमट लागत होता. मग त्याने बटण पाहिलं, जे गेल्या खेपेला नुसती वीट बसवताना बघायची वेळ आली नव्हती, तर बटणाच्या मागे काहीच नव्हतं. मीटरची चकती जागची हलत नव्हती. मीटरकडून येणारी वायर कधीकाळी कापून तिची टोकं नीट गुंडाळून ठेवली होती. वीज नाही आणि हीटर कोमट आहे, याचा अर्थ दुसरीकडून कुठून तरी भरणा होतो आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही. एका घरातली वीज दुसऱ्या घरात निघालेली लहूने पुष्कळदा पाहिली होती.

"हे कवा कापलं जी?"

"आई गेली त्या वर्षी. म्हटलं, घरात माणूस आहे तर उगाच वीज कशाला जाळायची?"

हीटरच्या खालून दुसरी एक वायर निघाली होती. वायर सापडली की तिचं दुसरं टोक गाठायचं, हा कामाचा रिवाज. लहू गुडघे टेकून तिच्या मागोमाग निघाला. वायर भिंतीच्या कडेने माजघरात गेली, तिथून उंबऱ्याखालून स्वयंपाकघरात, मसाल्याच्या फळीमागून खाली उतरली आणि द्वारकाताईंच्या पाटाशी पोचली. द्वारकाताई पाटावर बसून निरांजनाची वात वळत होत्या. वायरचं टोक त्यांच्या पदराच्या गाठीत बांधलेलं होतं. बाया किल्ली किंवा चिल्लर बांधतात तशी साधी गाठ. बांधणी मजबूत होती, एक तार उघडी नव्हती.

"ही सोडू का, ताई?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दादाच्या पाठीला बरं पडतं."

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. लहूला वाईट वाटलं, पण बोलून दाखवण्याइतकी त्याची पत नव्हती. तो आल्या वाटेने परत गेला आणि त्याने हीटरचं पुढचं झाकण उघडलं. झाकणामागच्या तारा शाबूत होत्या, ऊब सोडणारी झडप उघडत-मिटत होती. आता विटा बघणं आलं.

विटा काढायच्या म्हणजे हाताला गोणपाट गुंडाळून काढायच्या आणि काढल्या क्रमाने मांडायच्या. प्रत्येक विटेला आधी उलटा हात. पहिल्या विटेत आईच्या आजारपणातल्या जाग्रणांची ऊब होती. ती संपली होती. दुसरीत भार्गवरावांची मुलं मांडीवर घेऊन निजवल्याची ऊब होती. मुलं परगावी गेली, तीही संपत आली होती. तिसरीत कुणी एक स्थळ बघायला आलं होतं आणि खिडकीशी उभं राहून चहा प्यालं होतं, त्या संध्याकाळची ऊब होती. ती अजून थोडी शिल्लक होती.

"ती जरा हळू ठेव," द्वारकाताई दारातून म्हणाल्या.

लहूने ती हळू ठेवली.

विटा निघत राहिल्या. पेटी एवढीशी, पण हात घालावा तो आणखी एक वीट लागे. भिंतीशी रांग पुरी झाली, तिच्यावर दुसरी चढली. खिडकी विटांनी भरली तसं भार्गवरावांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं, कारण वाचायला उजेड उरला नव्हता. मग दार विटांआड गेलं. द्वारकाताई कुठल्या फटीतून आत येत होत्या ते कळत नव्हतं, पण येत होत्या. शेवटी खोलीत हीटर, खुर्ची आणि लहूला पाय मुडपून बसता येईल एवढीच जागा राहिली. सगळ्या विटा गार होत्या. इतक्या गार विटांतून ही पेटी कोमट कशी राहते, हे लहूच्या ध्यानात येईना.

मग त्याचा उलटा हात अगदी मागच्या विटेला लागला आणि झटक्यासरशी मागे आला.

ती गरम होती. चांगली गरम. लहूने वाकून पाहिलं. विटेच्या एका अंगाला काजळी होती आणि कोपरा उडालेला होता. लहानपणी तो कोपरा त्यानेच खेळताना उडवला होता आणि त्यासाठी रखमाचा धपाटा खाल्ला होता.

"तेवढी एकच चालते आहे," भार्गवराव म्हणाले. "गेलं वर्ष तिच्यावरच काढलं. बाकीच्यांत काही राम नाही. तशा आणखी मिळतील का?"

लहूने आणखी वाकून तो उडालेला कोपरा पुन्हा पाहिला.

"पाठीला भाकरीचा वास येतो," भार्गवराव डोळे मिटून म्हणाले. "तव्यावरून नुकती उतरवलेली. एवढी चांगली ऊब मी आजवर बघितली नाही. आता मात्र तिचंही सरत आलंय. कुणाची आहे रे?"

"माज्या बहिनीची," लहू म्हणाला.

"तिला माझा नमस्कार सांग."

लहूला भीती वाटली. खोबरेल तळव्यावर थिजलं होतं. रखमा चुलीपुढे इतकी सरकून बसायची की तिच्या पदराला भोकं पडली होती, आणि तो तिला थंडी आहे, थंडी आहे असं सांगत होता. वर्षभर त्याने तिला हेच सांगितलं होतं. चुलीमागची वीट, तिच्या रोजच्या बसण्याची ऊब धरलेली, आणि ती त्याने परक्याच्या पाठीला नेऊन लावली होती.

तेवढ्यात द्वारकाताई औक्षणाचं ताट घेऊन आल्या. ओवाळायची वेळ त्यांनी आधीच ठरवलेली असावी. विटांवरून वाकून त्यांनी भावाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन ओवाळलं. ज्योत सरळ उभी होती. लहूचा हात ताटाजवळ होता, त्याला तिची धग लागली नाही.

"काय घालू ओवाळणीत?" भार्गवरावांनी विचारलं. ते दर वर्षी विचारत आणि द्वारकाताई दर वर्षी काही नको म्हणत.

"जरा उठ," द्वारकाताई म्हणाल्या.

भार्गवरावांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. मान पुढे आली, गुडघे हलले, पाठ मात्र लोखंडाला धरून राहिली. त्यांनी पुन्हा जोर केला. कासमभाईंनी हाताचं सांगितलं होतं, पाठीचं काही सांगितलं नव्हतं. पण पाठही मिठी मारत असावी, आणि या पाठीने किती वर्षांपूर्वी मारली होती कोण जाणे.

"नाही जमत," भार्गवराव म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर खजील झाला होता. "दुसरं काही माग."

"दुसरं नको," द्वारकाताई म्हणाल्या आणि ताट विटांवर ठेवलं.

लहूने गोणपाट सोडून ठेवलं. गोणपाटातून वीट धरता येते, पण ती कुणाची आहे ते नीट कळत नाही, आणि त्याला खात्री करून घ्यायची होती. शिवाय वीट खोबणीत अशी घट्ट बसली होती की उलट्या हाताने ती निघणं शक्यच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तापलेल्या वस्तूला सुलटा हात लावला. तळवा विटेला भिडला, बोटं तिच्याभोवती वळली आणि आवळली. चटका बसला नाही. पावसात भिजून आल्यावर रखमा त्याचं डोकं पुसायची तेव्हा लागायची तेवढीच ऊब होती. त्याने ओढली, वीट निघाली.

हीटर लगेच गार पडला.

"द्वारका," भार्गवराव म्हणाले. "गार लागतंय."

शाल खुंटीलाच होती. द्वारकाताई शाल आणायला गेल्या नाहीत. त्या लहूच्या हातातल्या विटेकडे बघत होत्या. मग त्यांनी दोन बोटं विटेवर टेकवली. नखं निळी होती ती गुलाबी झाली, गुलाबी रंग मनगटाकडे चढू लागला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की लहूने नजर वळवली. त्यांनी वीट मागितली असती तर आपण नाही म्हणू शकलो असतो का, हे त्याला सांगता आलं नसतं.

त्यांनी बोटं काढून घेतली.

"ही माझी नाही," त्या म्हणाल्या. "बहीण घरी वाट बघते आहे ना?"

"व्हय."

"मग इथे काय करतोस? जा."

"तुमची गाठ तेवढी सोडतो. पक्कड हाय माज्याकडं."

"गाठ मी मारली आहे. मी सोडीन."

दार विटांआड गेलेलं होतं. लहू वायर धरून निघाला, तिच्या बाजूने विटांखालून सरपटत गेला. माजघर गेलं, उंबरा गेला, मसाल्याची फळी गेली. स्वयंपाकघरात पोचून त्याने मागे पाहिलं तर द्वारकाताई त्याच्या आधीच पाटावर येऊन बसल्या होत्या. बोटं वळत नव्हती म्हणून पदराची गाठ त्यांनी दातांत धरली होती. आतून भार्गवराव हाक मारत होते, अगदी हळू, लाज वाटत असल्यासारखे.

लहू मागच्या दाराने आपल्या वाडीच्या उताराला लागला. ऊन डोक्यावर आलं होतं, तरी ते लागत नव्हतं. त्याने वीट खाली ठेवून हात मोकळा करायचा प्रयत्न केला, मूठ उघडेना. उघडायची तशी गरजही नव्हती. पण वळणावरच्या उंबराखाली आल्यावर वीट निवू लागली आहे हे त्याला कळलं. घर अजून लांब होतं. त्याने स्वेटर वर करून वीट उघड्या पोटाशी धरली आणि मफलर वरून गुंडाळला.

ऊब गरमाकडून गाराकडे जाते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याच्यावरच त्याचं पोट होतं. पोट गार होत गेलं, वीट तेवढीच गरम राहिली. शेतांच्या बांधावरून जाताना त्याचे गुडघे गार झाले. आडावर बाया पाणी भरत होत्या, त्यांनी भाऊबीजेचं काय आणलंस म्हणून विचारलं, आणि लहूने उत्तर द्यायला तोंड उघडलं तर जबडा अर्ध्यावरच राहिला. जीभ टाळूला लागून होती. हरकत नाही, असं त्याला वाटलं. घरी गेल्यावर बोलायचं असं फारसं काही नव्हतं. आक्का, सुलटा हात लाव. एवढंच सांगायचं होतं, कारण उलटा हात ऊब भिनायच्या आत मागे येतो.

रखमाने पाट मांडला होता. भोवती रांगोळी घातली होती. ती चुलीला लागून बसली होती, चुलीत जाळ होता, आणि तिच्या केसांवर दव पडलं होतं. लहूला बघून ती भिंतीला धरून उठली.

"आलास व्हय. म्या म्हनलं, इसरला."

लहू पाटावर बसला. तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. तिचं बोट लागलं तेव्हा त्याला ते गार वाटलं नाही, कारण आता दोघांचं अंग सारखंच होतं. तिने ओवाळलं. मग ताट खाली ठेवलं.

"काय घालतूस?" तिने विचारलं. हे ती चेष्टेनेच विचारायची. गावातल्या सगळ्या बहिणी तसंच विचारतात.

लहूने मफलर सोडून वीट पुढे केली. त्याची बोटं तिच्याभोवती आवळलेली होती. विटेवरून वाफ निघत होती, पण आता ती बारीक झाली होती.

रखमाने वाकून पाहिलं. काजळी पाहिली, उडालेला कोपरा पाहिला. मग तिने चुलीमागच्या लिंपणाकडे पाहिलं आणि पुन्हा विटेकडे. ती रागावली नाही.

"आपली हाय की," ती म्हणाली. "तापलीया व्हय रं?"

लहूने सांगायला तोंड उघडू पाहिलं. जबडा हलला नाही. त्याने मान हलवून पाहिली, डोळ्यांनी तिच्या तळव्याकडे दाखवून पाहिलं. वाफ थांबली होती.

"थांब, बघते," रखमा म्हणाली, आणि त्याने शिकवलं होतं तसा हात पुढे केला. उलटा.